टोपली आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी पेढ्यांवर वहीपूजन होते. नवी कोरी वही, पहिल्या पानावर 'श्री', हळदकुंकू, साळीच्या लाह्या, बत्तासे. हल्ली पुष्कळ ठिकाणी वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते. दुकानात काय आहे, किती आहे, कोणाला कितीला दिले याची खात्रीची नोंद जिच्यात असते, तिला मान देण्याची ही रीत आहे.

याच दिवसांत असंख्य माणसे मोबाइलच्या पडद्यावर 'कार्टमध्ये टाका' हे बटण दाबत असतात. त्या बटणामागे दोन गोष्टी एकमेकींना भेटतात. एक दुकानदाराची कायमची नोंद, म्हणजे मालाचा डेटाबेस. दुसरी ग्राहकाची घटकाभराची टोपली, म्हणजे शॉपिंग कार्ट. पुण्यातल्या छोट्यामोठ्या दुकानांचा माल त्यांच्या संकेतस्थळांना जोडून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्या निमित्ताने या दुव्याचा इतिहास शोधत गेलो. त्यात यंत्रे आहेत, कंपन्या आहेत, कोर्टकचेऱ्याही आहेत. पण मुळाशी तीन जुनेच प्रश्न आहेत. भाव कोणी सांगायचा? शब्द पक्का कधी झाला असे मानायचे? आणि टोपली व वही यांचे पटले नाही, तर झीज कोणी सोसायची? या प्रश्नांना वेळोवेळी कोणती उत्तरे मिळत गेली, त्याचा हा मागोवा.

१. वाण्याची यादी

आधी एक घरगुती उदाहरण घेऊ. महिन्याच्या किराण्याची यादी आपण कशी लिहितो? 'साखर ५ किलो, पोहे २ किलो, शेंगदाणे १ किलो.' वस्तूचे नाव आणि माप, बस. यादीत भाव कोणी लिहीत नाही. तो वाण्याच्या डोक्यात किंवा वहीत असतो. यादी हातात आली की तो एकेका नावापुढे त्या दिवसाचा भाव मांडतो, एखादी वस्तू संपली असेल तर तसे सांगतो, आणि मग बेरीज होते. यादी ग्राहकाची, भाव दुकानाचा आणि बिल दोघांनी मान्य केलेले, अशी ही वाटणी आहे.

नीट बांधलेले ऑनलाइन दुकान अगदी असेच चालते. कार्टमध्ये फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग राहतात. नाव, चित्र, भाव, शिल्लक हे सगळे प्रत्येक वेळी डेटाबेसमधून ताजे आणले जाते. वाण्याला शतकानुशतके ठाऊक असलेली ही गोष्ट यंत्रांना शिकवायला मात्र तीसेक वर्षे लागली.

२. एक वस्तू, एक नोंद

मालाच्या संगणकीय नोंदीचा इतिहास दुकानात सुरू होत नाही. त्याची एक ठळक सुरुवात चंद्रावर जाणाऱ्या यानापाशी आहे. अपोलो मोहिमेच्या यानाला अक्षरशः लाखो सुटे भाग लागत. कोणता भाग कोणत्या जोडणीत बसतो, याची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साह्याने १९६६ ते १९६८ या काळात 'आयएमएस' ही प्रणाली तयार केली. तिची रचना झाडासारखी होती. यानाखाली मोठे भाग, त्यांच्याखाली उपभाग, त्यांच्याखाली खिळे-स्क्रू. खिळ्यापर्यंत पोचायचे तर खोडावरून फांदी, फांदीवरून डहाळी असा ठरलेला रस्ता धरावा लागे. एकच खिळा दहा ठिकाणी लागत असेल, तर त्याची नोंद कोणत्या फांदीवर ठेवायची हा पेच होता.

तो पेच सोडवला एडगर कॉड यांनी. जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात शाही हवाई दलात वैमानिक, पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत संशोधक. जून १९७०मध्ये त्यांचा रिलेशनल पद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की माहिती झाडात न ठेवता साध्या तक्त्यांत ठेवा. प्रत्येक वस्तूला एक ओळख द्या आणि तिच्याविषयीची गोष्ट एकाच जागी लिहा. दुसरीकडे तिची गरज लागली, तर तिथे फक्त तिची ओळख लिहा. १९७४मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे 'एसक्यूएल' झाली. आजचे कार्ट या विचारात चपखल बसते. एक तक्ता मालाचा, एक टोपल्यांचा, आणि दोघांना जोडणारा तिसरा. या तिसऱ्या तक्त्यात टोपलीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि नग एवढे तीनच रकाने पुरतात. ज्याला मी दुवा म्हणतो, तो म्हणजे हा सडपातळ तिसरा तक्ता.

वस्तूला ओळख देण्याचे काम दुकानात पोचले ते बारकोडमुळे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या दहा पुड्यांचे एक पाकीट काचेवरून सरकवले गेले आणि ६७ सेंटची नोंद झाली. त्या काळ्या-पांढऱ्या रेघांत भाव नव्हता. होता फक्त क्रमांक. भाव दुकानाच्या संगणकात होता. सोय मोठी होती, कारण भाव बदलायचा तर हजार डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलण्याऐवजी एक आकडा बदलला की काम झाले.

पण भाव वस्तूवरून उठून यंत्रात गेला, हे गिऱ्हाइकाला रुचले नाही. मांडणीवर एक भाव आणि गल्ल्यावर दुसरा असे झाले तर कळणार कसे? अमेरिकेतल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. मिशिगन राज्याने १९७६मध्ये कायदा करून बहुतेक वस्तूंवर एकेक करून भाव लावणे सक्तीचे केले. तो कायदा २०११पर्यंत टिकला. आपल्याकडे याच चिंतेला वेगळे उत्तर मिळाले. पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, ही ग्राहकाच्या हातातच दिलेली मर्यादा आहे. वही दुकानदाराची असली, तरी तिच्यातल्या आकड्याला वरून कुंपण घातले आहे. १ जानेवारी २०१८पासून ऑनलाइन विक्रीतही ही किंमत पडद्यावर दाखवणे बंधनकारक झाले, ते याच परंपरेला धरून.

३. विसराळू जाळे

आता टोपलीकडे वळू. चाकांची टोपली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतले किराणा व्यापारी सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७मध्ये आपल्या दुकानांत आणली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे त्यांनी हेरले होते. आपल्या पडद्यावरचे चित्र त्याच गाडीचे आहे. मात्र त्या गाडीत माल खरोखर पडतो. पडद्यावरच्या गाडीत फक्त नोंद पडते.

अशी नोंदीची टोपली वेबच्याही आधीची आहे. मायकल ऑल्ड्रिच यांनी इंग्लंडमध्ये १९७९ साली घरचा दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने व्यवहार करणाऱ्या संगणकाला जोडून दाखवला. मे १९८४मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड येथे ७२ वर्षांच्या एका आजीबाईंनी टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को दुकानाकडे मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. माल घरी आला आणि पैसे रोख दिले गेले. व्ही.पी.पी.ने पुस्तके मागवणाऱ्या मराठी वाचकाला यातला उत्तरार्ध मुळीच नवा वाटणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या सेवेने 'इलेक्ट्रॉनिक मॉल' उघडला. सभासद टेलिफोनवरून जोडला जाई, वस्तू निवडी, निवडलेल्या वस्तू त्याच्या नावे साठून राहत आणि शेवटी एकदम मागणी नोंदवता येई. हा मॉल पुढे कोर्टात साक्षीला येणार आहे, म्हणून त्याचे नाव लक्षात ठेवावे.

कॉम्प्युसर्व्हवर सभासद जोडलेला असेपर्यंत तो कोण हे संगणकाला ठाऊक असे. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबचा स्वभाव वेगळा होता. वेब जन्मले शास्त्रज्ञांना कागदपत्रे वाचता यावीत म्हणून. पान मागा, पान मिळेल, ओळख संपली. पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा, हे पान देणाऱ्या संगणकाला कळण्याची सोयच नव्हती. वाचनालयाला असा विसराळूपणा परवडतो, दुकानाला नाही. गिऱ्हाइकाने साखर टोपलीत टाकली आणि पोह्यांच्या मांडणीकडे वळले, की दुकानदार त्याला विसरलेला.

यावर तोडगा निघाला जून १९९४मध्ये. एमसीआय या दूरसंचार कंपनीला वेबवर दुकान हवे होते, पण प्रत्येक ग्राहकाची अर्धवट खरेदी स्वतःच्या संगणकावर सांभाळण्याची तिची तयारी नव्हती. नेटस्केपमधले तरुण प्रोग्रामर लू माँटुली यांनी सुचवले, की दुकानाने एक छोटीशी चिठ्ठी ग्राहकाच्या ब्राउझरकडे द्यावी आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवावी. चपला ठेवताना देवळाबाहेर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही योजना. तिला 'कुकी' हे नाव मिळाले. ऑक्टोबर १९९४मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती सोय होती.

बिल्ल्याच्या या युक्तीचे दुसरे टोकही सांगायला हवे. टोपलीसाठी काढलेली चिठ्ठी माणसाचा माग काढायलाही तितकीच उपयोगी पडते. फेब्रुवारी १९९६मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने याविषयी लिहिले, तेव्हा सामान्य वाचकाला कुकी हा प्रकार पहिल्यांदा कळला. ब्राउझर वर्षभराहून अधिक काळ त्या चिठ्ठ्या गुपचूप साठवत होता. आज जाहिरातींच्या पाळतीविषयी आपण जी तक्रार करतो, तिचे एक मूळ किराण्याच्या टोपलीत आहे.

४. भाव यादीत शिरतो

ग्राहक आता ओळखता येऊ लागला. पुढचा प्रश्न होता, त्याच्या टोपलीला मालाच्या नोंदीशी जोडायचे कसे? वेबचे पान हे छापील कागदासारखे स्थिर असे. १९९३पासून सीजीआय नावाची पद्धत रुळली. तिच्यामुळे पान मागितल्यावर संगणकावरचा एखादा प्रोग्राम चालवून ताजे पान तयार करता येऊ लागले. हा प्रोग्राम एका हाताने डेटाबेसशी आणि दुसऱ्या हाताने ब्राउझरशी बोले. १९९५मध्ये पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब काढले. दुकानदाराने काही विकत न बसवता ब्राउझरमधूनच आपले दुकान मांडावे, ही त्यामागची कल्पना. १९९८मध्ये ते याहूने घेतले. पीएचपी आणि मायएसक्यूएल ही फुकट मिळणारी साधने १९९५चीच. २०००मध्ये जर्मनीतून आलेल्या ओएसकॉमर्ससारख्या मुक्त प्रणालींनी त्यांच्या जोरावर छोट्या दुकानदारालाही कार्ट मिळवून दिले. पुण्या-मुंबईत आमच्यासारख्यांचे हात या कामात बसले ते याच साधनांवर.

या घाईच्या काळात एक विचित्र चूक सर्वत्र पसरली. डेटाबेसला पुन्हापुन्हा विचारणे महाग आणि संथ होते. म्हणून अनेक कार्टांनी सोपा रस्ता धरला. वस्तूचे पान तयार करतानाच तिचा भाव त्या पानात, डोळ्यांना न दिसणाऱ्या रकान्यात, लिहून ठेवायचा. ग्राहकाने बटण दाबले की क्रमांक, नग आणि भाव असे तिन्ही एकदम परत येत. कार्ट त्या भावावर विश्वास ठेवून बेरीज करी. पण ते पान तर ग्राहकाच्या संगणकावर होते. ते जतन करायचे, साध्या संपादकात उघडायचे, ५००च्या जागी ५ लिहायचे आणि पाठवून द्यायचे. वाण्याच्या यादीत गिऱ्हाइकानेच भाव लिहावा आणि वाण्याने मुकाट्याने तो मानावा, असा हा प्रकार. फेब्रुवारी २०००मध्ये इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीने जाहीर केले, की बाजारातल्या अकरा कार्ट प्रणालींमध्ये हे भोक आहे.

दुसरे भोक उलट दिशेचे होते. शोधाच्या चौकटीत ग्राहक जे लिहील ते तसेच्या तसे डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवले जाई. लिहिणाऱ्याने वस्तूच्या नावाऐवजी एसक्यूएलचा तुकडा लिहिला, तर डेटाबेस ती आज्ञा समजून पाळी. डिसेंबर १९९८मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात हा धोका मांडला गेला. पहिल्या चुकीत यादीवरचा भाव खरा मानला गेला, दुसरीत यादी देणाऱ्याच्या हाती वहीच सोपवली गेली. दोन्हींवरचा उपाय एकच: ग्राहकाकडून यावी ती फक्त निवड, बाकी सारे वहीतून. आपण सुरुवातीला जिथे होतो त्या यादीपाशीच धंदा परत आला. मधल्या काळात ज्यांचा माल पाच रुपयांत गेला, ते बहुतेक लहान दुकानदार होते. मोठ्यांकडे हिशेब ताडून पाहणारी माणसे होती.

५. दुव्याची मालकी

या इतिहासातले मला सर्वांत बोलके वाटणारे प्रकरण अमेरिकन न्यायालयातले आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ओपन मार्केट या कंपनीने २४ ऑक्टोबर १९९४ रोजी, म्हणजे कुकी ज्या महिन्यात बाहेर आली त्याच महिन्यात, जाळ्यावरच्या विक्रीच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९९८मध्ये ते मिळाले. त्यातला एक दावा साध्या शब्दांत असा होता: खरेदीदाराचा संगणक, कार्ट सांभाळणारा संगणक आणि त्याला जोडलेला कार्टचा डेटाबेस, या सगळ्यांची मिळून होणारी विक्रीव्यवस्था. म्हणजे टोपली आणि नोंद यांची जोडणी हीच मालमत्ता ठरली.

ओपन मार्केटचा धंदा टिकला नाही, पेटंट टिकले. ते हात बदलत सोव्हरेन नावाच्या कंपनीकडे गेले. ही कंपनी स्वतः काही विकत नव्हती. दुकाने चालवणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे मागणे हे तिचे काम. २००५मध्ये ॲमेझॉनने ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. एवढ्या मोठ्या दुकानाने पैसे मोजल्यावर बाकीच्यांनी लढावे कशाला? पण न्यूएग या संगणकाचे भाग विकणाऱ्या दुकानाने तडजोड नाकारली. टेक्सासमध्ये २०१०मध्ये खटला चालला. ही कल्पना आधीपासून उघड होती का, हा प्रश्न न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे जाऊच दिला नाही. निकाल न्यूएगच्या विरुद्ध गेला आणि २५ लाख डॉलरची भरपाई ठरली.

न्यूएग अपिलात गेले. तिथे १९८४चा तो कॉम्प्युसर्व्ह मॉल पुढे आला. त्यातही ग्राहक वस्तू निवडत होता, निवडलेले साठून राहत होते आणि शेवटी मागणी जात होती. कॉम्प्युसर्व्हचे जुने तंत्रप्रमुख साक्षीदार होते. २२ जानेवारी २०१३ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निकाल फिरवला. जुनी, माहीत असलेली पद्धत वेबवर नेणे हा शोध होत नाही, असा त्याचा आशय. कार्टचे दावे रद्द झाले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि विषय संपला.

हा निकाल तंत्राच्या जगापुरता नाही. यादी आणि वही यांचे नाते कोणा एकाने शोधलेले नाही. ते व्यापाराचे सामाईक धन आहे. कागदाच्या जागी तार आली, तारेच्या जागी वेब आले, म्हणून त्या धनाला नवा मालक मिळत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्याला पेटंट मिळाल्यापासून पंधरा वर्षे लागली. त्या काळात ज्यांनी निमूट पैसे भरले, त्यांना या निकालाचा काय उपयोग झाला असेल?

६. शब्द कधी पक्का होतो

टोपलीत टाकले म्हणजे विकत घेतले का? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या आधी कायद्याने दिले. लंडनजवळच्या एजवेअर येथे बूट्स या औषधदुकानाने १९५१मध्ये स्वसेवा सुरू केली. औषधविक्रेत्यांच्या संस्थेचे म्हणणे होते, की गिऱ्हाइकाने बाटली टोपलीत टाकताक्षणी विक्री होते, आणि तिथे देखरेखीला औषधतज्ज्ञ नसतो. १९५३मध्ये अपील न्यायालयाने ठरवले, की मांडणीवरचा माल हे फक्त आमंत्रण आहे. गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन माल पुढे करते तो प्रस्ताव, आणि दुकानाने तो स्वीकारला की करार. आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांना १८७२चा करार कायदा शिकताना हा खटला हमखास भेटतो.

संगणकाच्या भाषेत हा गल्ल्यावरचा क्षण म्हणजे 'ट्रान्झॅक्शन'. जिम ग्रे यांनी ती कल्पना भक्कम पायावर उभी केली आणि त्यासाठी त्यांना १९९८चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. व्यवहार व्हावा तर पुरता, नाहीतर मुळीच नाही. पैसे गेले आणि साठा कमी झाला नाही, असे अर्धवट काही उरता कामा नये. गल्ल्यावर हा कडक नियम हवाच. पण टोपलीवर तो लावावा का?

ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७मध्ये 'डायनॅमो' या त्यांच्या साठवण प्रणालीवर निबंध लिहिला. त्यात याचे उत्तर 'नको' असे आहे. त्यांचे धोरण होते, की ग्राहक टोपलीत काही टाकत असताना त्याला कधीही नकार मिळता कामा नये. डिस्क बंद पडोत, तारा तुटोत, एखादे केंद्र वादळात नष्ट होवो. त्यासाठी टोपलीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवल्या. यंत्रांचा आपसातला संपर्क तुटला, तर एकाच टोपलीच्या दोन वेगळ्या प्रती तयार होत. नंतर त्या एकत्र करताना दोन्हींतले सगळे ठेवायचे. याचा परिणाम असा, की काढून टाकलेली वस्तू कधी कधी टोपलीत पुन्हा उगवे. निबंधातल्या एका दिवसाच्या मोजणीत ९९.९४ टक्के वेळा टोपलीची एकच प्रत सापडली. उरलेला अपवाद त्यांनी जाणूनबुजून पत्करला. यामागचा हिशेब व्यापाऱ्याचा आहे. काढलेली वस्तू परत दिसली तर ग्राहक ती पुन्हा काढील. टाकलेली वस्तू हरवली तर विक्री बुडेल. चूक व्हायचीच असेल, तर ती दुकानाच्या सोयीची व्हावी.

मात्र टोपली सैल आणि गल्ला कडक ही व्यवस्था तेव्हाच चालते, जेव्हा वहीतली शिल्लक खरी असते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या 'बिग बिलियन डे'ला हे देशाने पाहिले. माल संपल्याचे संदेश, पलटलेले भाव, मागणी स्वीकारून नंतर झालेली रद्दी. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. दिवाळीच्या तोंडावर शब्द देऊन तो मोडला गेला होता, आणि माफी त्याची होती. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत याचे पडसाद मला ऐकू येतात. त्यांत म्हटले आहे, की पक्की खरेदी ग्राहकाने रद्द केल्यावर त्याच्याकडून दंड घ्यायचा असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यास तिनेही तसाच दंड सोसला पाहिजे. तराजूची दोन्ही पारडी सारखी असावीत, एवढेच हा नियम सांगतो.

७. मराठी मालाची नोंद

शेवटी आपल्या घरातला माल पाहू. मराठी पुस्तकांचे दुकान वेबला जोडताना वर सांगितलेले सगळे प्रश्न येतातच, शिवाय आणखी काही येतात.

पहिला ओळखीचा. आयएसबीएन असेल तर बारकोडसारखा तयार क्रमांक मिळतो. पण जुन्या आणि छोट्या प्रकाशकांच्या कितीतरी पुस्तकांवर तो नाही. मग दुकानाला स्वतःचे क्रमांक द्यावे लागतात, आणि एकच पुस्तक दोन दुकानांत दोन वस्तू होऊन बसते. दुसरा प्रश्न लिपीचा. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडची देवनागरी वेगवेगळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांत टंकित होई. पडद्यावर 'कोसला' दिसे, पण डेटाबेसमध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी साठलेली असे. फाँट बदलला की पुस्तक हरवले. युनिकोडमध्येही आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि 'ऱ्य'सारख्या अक्षरांच्या गमती आहेत. 'दऱ्या'तला तो अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना सारखा, यंत्राला निराळा.

एका जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे मी हे काम केले तेव्हा एका कादंबरीच्या पाच नोंदी निघाल्या. तिघांनी वेगवेगळ्या वर्षी टंकलेली, एकात लेखकाचे आडनाव आधी, एकात शुद्धलेखन जुने. शिल्लक कुठे दोन, कुठे शून्य, एके ठिकाणी चक्क उणे एक. मालकांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "अहो, प्रत तर एकच आहे. ती बघा, वरच्या फळीवर." त्यांना ती यादीत शोधायची गरज नव्हती. वेबवरच्या ग्राहकाला होती, आणि त्याला त्यातल्या दोन नोंदींवर 'उपलब्ध नाही' दिसत होते. जे पुस्तक दुकानात आहे पण नोंदीत नाही, ते ऑनलाइन वाचकाच्या लेखी छापलेलेच नाही. मराठी पुस्तक मिळत नाही, या तक्रारीतला एक वाटा मला तरी नोंदीचा वाटतो.

आणि दिवाळी अंक? १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा माल डेटाबेसला मोठा अवघड आहे. बहुतेक अंकांना आयएसबीएन नसतो. नाव दरवर्षी तेच, वस्तू दरवर्षी नवी. भाऊबीजेनंतर मागणी ओसरते. त्यातून विक्रेते सवलतीत अंकांचे संच विकतात. संच म्हणजे पाच-दहा वस्तूंची मिळून एक वस्तू. त्यातला एक अंक संपला की सगळा संच अडतो, आणि तोच अंक सुटाही विकला जात असतो. कोणता भाग कोणत्या जोडणीत, हा अपोलो यानाच्या यादीतलाच प्रश्न आप्पा बळवंत चौकात पुन्हा उभा राहतो. तो सोडवायची रीतही तीच: संचाला स्वतःची शिल्लक लिहायची नाही. ती दर वेळी त्यातल्या अंकांच्या शिलकीवरून काढायची.

आज तयार कार्ट एका दिवसात बसवून मिळते. दुवा जोडणे स्वस्त झाले आहे, महाग आहे ती नोंद. कोणीतरी फळीपुढे उभे राहून प्रती मोजाव्या लागतात, नाव नीट लिहावे लागते, संपलेले त्याच दिवशी संपले म्हणावे लागते. मोठ्या बाजारपेठा या कामाचा भार आता विक्रेत्यावर टाकतात. यादीत गफलत झाली तर रद्द झालेल्या मागणीचा डाग त्याच्या नावावर लागतो. म्हणून एखादा दुकानदार विचारतो की ऑनलाइन यायला किती खर्च येईल, तेव्हा मी कार्टचा आकडा सांगत नाही. आधी त्याचे स्टॉक रजिस्टर पाहायला मागतो, आणि एक माणूस रोज तासभर त्यावर बसेल का, ते विचारतो.